सॅली गाय नव्हती

मावशी, रविवारी नितीनच्या घरी डेलअंकल तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले, आणि मला इतका संताप आला की हातातला चहा तसाच ठेवून मी मागच्या डेकवर जाऊन उभी राहिले.

नितीननं सोफे गॅरेजमध्ये हलवले होते. कार्पेटवर चादरी घातल्या होत्या, तुमच्या फोटोला ग्रोसरी स्टोअरमधल्या गुलाबांचा हार होता. आपली मंडळी खाली मांडी घालून बसली होती आणि तुमच्या सुनेच्या, लोरीच्या माहेरची माणसं डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांवर, बूट काढून, पायमोजे सावरत. प्रत्येकानं दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. लोरीचे काका म्हणून डेलअंकलना आधी बोलावलं. ते म्हणाले, कुमुदनं आमच्या मूळपुरुषावर, एझ्रावर, घरच्यासारखं प्रेम केलं. म्हणाले, कॉलवेल घराण्याचं पुस्तक या उन्हाळ्यात छापून येतंय, त्यात कुमुदचा स्मारकाजवळचा फोटो घेतोय. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि फोटोखाली यायची ओळ वाचून दाखवली: ‘भारतातून आलेल्या आमच्या स्नेही कुमुद, एझ्रा कॉलवेल यांना मानवंदना देताना.’

सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्यातल्या एका काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला.

मानवंदना! तुम्ही! त्या फोटोत तुमचा हात दगडावर आहे तो तुम्ही चष्मा गाडीत विसरला होता म्हणून. बोटं फिरवून अक्षरं वाचत होता. मी शेजारी उभी होते. पूर्ण ओळ जुळल्यावर तुमच्या तोंडून काय निघालं तेही मी ऐकलंय, ते इथं लिहीत नाही.

गेलेल्या माणसाला हार घालता येतो तसे शब्दही घालता येतात, ते तो काढून टाकू शकत नाही. म्हणून हे लिहितेय. तुम्हाला सगळं माहीतच आहे. पण कुणीतरी हे तुमच्या तोंडावर, तुमच्या बाजूनं बोलायला हवं.

तुमची माझी जोडी कशी जमली ते आठवतं? तुमच्याकडे ग्रीन कार्ड होतं आणि गाडी येत नव्हती. मला गाडी येत होती आणि नवऱ्याच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. या अमेरिकन उपनगरात, अल्फारेटात, पायी जाण्यासारखं काहीच नाही, फुटपाथसुद्धा मध्येच संपतो. त्यामुळे नागपूरच्या रिटायर्ड इतिहासाच्या बाई आणि सांगलीची बेकार इंजिनीअर अशा आपण दोघी दुपारभर माझ्या जुन्या गाडीतून हिंडायचो. आधी भाजी, मग देऊळ, मग लायब्ररी. नितीनला वाटायचं, आईचा वेळ बरा जातोय.

मग तुमच्या नातीचा, मीराचा शाळेचा प्रोजेक्ट आला. चौथीतल्या पोरांनी आपापल्या घराण्याचं झाड काढून आणायचं होतं. तुम्ही मला तो तक्ता दाखवायला मुद्दाम घरी बोलावलंत. लोरीची बाजू वर वर चढत पार एझ्रा कॉलवेलपर्यंत गेली होती. त्याच्या नावाशेजारी मीरानं कुऱ्हाड आणि लाकडाचं घर काढलं होतं. नितीनच्या बाजूला एकच चौकोन, त्यात लिहिलेलं, ‘इंडिया’. मी भडकले. म्हटलं, मावशी, तुम्हाला तर सात पिढ्या पाठ असतील, बसवा पोरीला आणि भरा ही बाजू. तुम्ही शांतपणे म्हणालात, “आपली बाजू कुठं पळून जात नाही, ती मी तिला झोपताना सांगते. मला हा कुऱ्हाडवाला बघायचाय. माझ्या नातीच्या रक्तात आहे तो. म्हणजे माझा कोण लागतो, सांग?”

आपण कितीतरी वेळ नातं शोधत बसलो. व्याह्यांचा खापरपणजोबा, त्याचाही बाप. मराठीत असल्या नात्याला शब्द नाही म्हणून आपण हसलो. शेवटी तुम्हीच ठरवलंत: सोयरा.

हा सोयरा तुम्ही किती मनापासून शोधलात! लोरीला सुरुवातीला गंमत वाटली, मग कौतुक वाटायला लागलं. तिच्या सख्ख्या माणसांनी कधी विचारले नव्हते ते प्रश्न तुम्ही तिला विचारत होता. एझ्रा आधी कुठं राहायचा? बायको कुठली? मुलं किती जगली? उत्तरेकडच्या एका छोट्या गावात जुनी कागदपत्रं ठेवलेली खोली होती, तिथं आपण गेलो. तिथल्या बाईंनी तुमच्या टिकलीकडे बघितलं, साडीखालच्या पांढऱ्या स्नीकर्सकडे बघितलं आणि विचारलं, तुमचा यात काय संबंध? “माझे नातेवाईक आहेत,” तुम्ही म्हणालात. त्यावर त्यांनी ओळखपत्र मागितलं. तुमचं आणि माझं दोन्ही. आपल्या मागून एक पांढऱ्या केसांचं जोडपं आलं, त्यांना फक्त हवापाणी विचारलं. ते दिवसच तसे होते, प्रत्येक दारावर झेंडा आणि प्रत्येक सावळ्या चेहऱ्यावर दोनदा नजर. मी दारातून परत फिरणार होते. तुम्ही पर्स उघडून कार्ड काढून दिलंत, वर त्या बाईंना त्यांचं नाव विचारलंत आणि निघताना त्या नावानिशी आभार मानलेत. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं.

तिथं फार काही मिळालं नाही. जे मिळालं ते डेलअंकलच्या तोंडून.

त्यांनी स्वतः आपल्या दोघींना आणि मीराला कॉलवेल क्रीक या ओढ्यावर फिरवलं. एप्रिल होता, पांढरा डॉगवुड फुलला होता. माणूस अगत्याचा, हे मी आजही नाकारत नाही. तुमच्यासाठी गाडीत उशी आणली होती, चढावर तुमचा हात धरत होते. त्यांनी एझ्राची गोष्ट सांगितली, त्यांच्या घरात प्रत्येक मुलाला सांगतात तशी. एझ्रा आणि मार्था बैलगाडीतून आले, बरोबर एक बायबल आणि एक कुऱ्हाड. इथं माणसाचं नाव नव्हतं, नुसतं रान. एझ्रानं स्वतःच्या दोन हातांनी घर उभं केलं. आणि पहिला हिवाळा असा कडक की मार्थानं छपरावर वाळवलेल्या पीचच्या फोडींवर पोरं जगली.

तुम्ही विचारलंत, ते कोणत्या महिन्यात आले?

उन्हाळा सरता सरता, डेलअंकल म्हणाले.

आणि पीच कुठले?

त्यांनी कौतुकानं पलीकडचा उतार दाखवला. तिथं बाग होती, म्हणाले, माझ्या आजोबांनी शेवटची झाडं पाहिली होती. मग एक दगडांनी बांधलेली विहीर दाखवली, वर फळ्या टाकलेल्या. तिला सॅलीची विहीर म्हणतात. सॅली नावाची गाय होती, ती पडली होती म्हणे त्यात. मीरा खूप हसली. तुम्ही एवढंच म्हणालात, जागा फार सुंदर आहे.

परतताना हायवे लागेपर्यंत तुम्ही डोळे मिटून बसलात. मला वाटलं, दमलात. मग म्हणालात, “वैशाली, काटोलला माझ्या माहेरी संत्र्याचा बगीचा होता. कलम लावलं की चार-पाच वर्षं नुसतं राखत बसायचं, फळाचं नाव नको. पीच लवकर धरत असेल असं समजू. पण आल्या आल्या?”

मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. इतकी साधी गोष्ट. सगळं घराणं पिढ्यान्पिढ्या ती गोष्ट सांगत आलं होतं आणि त्या गोष्टीतच पुरावा होता. एझ्रा पोचला तेव्हा झाडांना फळं होती. म्हणजे ती कुणीतरी लावली होती, पाणी घालून वाढवली होती, आणि ज्यानं लावली तो ती खायला तिथं नव्हता.

उत्तर जॉर्जियात तेव्हा चेरोकी लोक राहत होते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्यांची जमीन सरकारनं सोडत काढून गोऱ्यांना वाटली, मग सैनिक पाठवून त्यांना घरांतून काढलं, पश्चिमेला हाकललं, वाटेत माणसं मेली. हे मीरालाही शिकवलंय. पण ते ‘चेरोकी’ म्हणून शिकवलंय. कुणाच्या तरी आजोबांच्या बागेत राहणारी माणसं म्हणून नाही.

पुढचं जून आँटींनी सांगितलं. त्या लोरीच्या आजीच्या धाकट्या बहीण, ऐंशी ओलांडलेल्या, ओढ्याजवळच्या घरात एकट्या राहणाऱ्या. तुम्ही त्यांना भेटायला तीन-चारदा गेलात, पण एझ्राबद्दल पहिल्यांदा चकार शब्द काढला नाहीत. त्या पोर्चवर बसून शेंगा मोडायच्या. तुम्ही न विचारता त्यांच्या टोपलीतल्या शेंगा ओढून घ्यायचात. गुडघ्यांबद्दल बोलायचात, नवऱ्यांबद्दल बोलायचात. दोघींचेही नवरे झोपेत गेलेले. मी बाजूला झोपाळ्यावर बसून कंटाळायचे.

मग एका दुपारी तुम्ही सहज विचारलंत, की विहिरीत पडलेली गाय मग बाहेर कशी काढली?

जून आँटींचे हात थांबले. त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “सॅली गाय नव्हती.”

त्यांच्या आजीला लहानपणी म्हाताऱ्या मार्थानं सांगितलं होतं. सोडतीत जमीन लागल्यावर एझ्रा आणि मार्था आधी एकदा जागा बघायला आले होते. तिथं घर होतं, बाग होती, विहीर होती आणि एक बाई होती. मार्थाच्या पोटात तेव्हा पहिलं मूल होतं. त्या बाईनं तिला सावलीत बसवलं, विहिरीचं पाणी दिलं आणि आपलं नाव सांगितलं: सॅली. पुढं काही वर्षांनी ते राहायला म्हणून आले त्या दिवशी सकाळीच सैनिक तिला घेऊन गेले होते. चुलीवर मक्याची पेज होती. कोमट होती. मार्थानं ती खाल्ली आणि घरात राहायला लागली. एझ्रानं घर बांधलं नाही, मावशी. त्यानं फक्त दार लावून घेतलं.

“बायका हे मुलींना काम करता करता सांगत आल्या,” जून आँटी म्हणाल्या. “पुस्तक पुरुषांनी लिहिलं. गाय कुणी आणली मला माहीत नाही.”

तुम्ही विचारलंत, मी हे सांगितलं तर चालेल? त्या म्हणाल्या, सांग. माझं कुणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील. आणि मला कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन.

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही पुढं ते पातळ करायचा फार प्रयत्न केलात म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

तुम्ही सरळ माणूस. पाठीमागून काही करायचं नाही म्हणून आधी डेलअंकलकडे गेलात. त्या वर्षीच्या कुटुंबमेळ्याला एझ्राचा ग्रॅनाइटचा स्मारक-दगड बसणार होता, आणि तुम्ही इतका शोध घेतला म्हणून त्यांनीच तुम्हाला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. त्यांनी आइस टी ओतला, ऐकलं आणि म्हणाले, प्रत्येक घरात स्वयंपाकघरातल्या गोष्टी असतात, मॅम, त्या पिकनिकला सांगायच्या नसतात. आणि मग हसून म्हणाले, “इंडियन इंडियनचीच बाजू घेणार म्हणा.”

चेरोकीही इंडियन, तुम्हीही इंडियन! मी हे ऐकलं तेव्हा स्टिअरिंगवर हात आपटला. तुम्ही म्हणालात, त्याला वाटलं तो विनोद करतोय. मला विनोद कळतो, मावशी. कुणाच्या जिवावर केलाय तेही कळतं.

आणि नितीन! तो हे वाचेल, वाचू दे. त्यानं तुम्हाला हात जोडले. “आई, लोरीचं माहेर आहे ते. आपण पाहुणे आहोत.” तुम्ही त्याला विचारलंत, “पाहुणी? माझ्या नातीच्या घरात मी पाहुणी?” तो लॅपटॉप उघडून बसला. लोरी तेव्हा सिंकपाशी उभी होती. ती ताटल्या विसळत राहिली. मी मनात तिलाही त्याच खात्यावर घातलं.

मेळा जुलैच्या उन्हात झाला. चर्चच्या मागं पाइनच्या सावलीत टेबलं मांडली होती, तळलेलं चिकन, गोड चहा, पातेलीभर बटाट्याचं सॅलड. दगडावरची चादर काढली. त्यावर कोरलं होतं: ‘एझ्रा कॉलवेल. या निर्जन अरण्यात पहिलं घर बांधणारा.’ तेव्हाच तुम्ही जवळ जाऊन बोटांनी ते वाचलंत. तेव्हाच फोटो निघाला.

डेलअंकलनी माइक दिला आणि म्हणाले, कुमुद आता तिच्या भाषेत एक छोटी प्रार्थना म्हणेल. भाषणाचं नाव नाही. तुम्हाला ते आधी सांगितलंही नव्हतं. सत्तरीच्या बाईला सगळ्यांसमोर उभं करून गप्प करायची ही रीत!

तुम्ही प्रार्थना म्हटली नाहीत. तुमच्या त्या वर्गातल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोललात. म्हणालात, “माझे आजोबा सांगायचे, आम्ही काटोलला आलो तेव्हा तिथं काही नव्हतं, बगीचा आम्ही केला. तिथं गोंड लोक होते. मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि ते कुठं गेले हे आजोबांना कधी विचारलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते, कारण आता तुम्हीही माझी माणसं आहात. एझ्रा आले त्या पहिल्या हिवाळ्यात मुलांनी जे पीच खाल्ले, ती झाडं कुणी लावली होती? तिचं नाव सॅली होतं. तिनं तुमच्या मार्थाला पाणी दिलं होतं. या दगडावर तिच्यासाठी एक ओळ बसेल.”

एवढंच. आवाज चढला नाही, कुणावर बोट रोखलं नाही. स्वतःच्या आजोबांना आधी उभं केलंत, मग त्यांच्या.

एक बाळ रडत होतं. मग मागून कुणीतरी विचारलं, हे कुणी सांगितलं हिला? तुम्ही नाव घेतलं नाहीत. तुम्ही फक्त जून आँटींकडे बघितलंत. त्या पहिल्याच टेबलाशी बसल्या होत्या, तुमच्यापासून चार हातांवर. त्यांनी मान खाली घातली आणि काट्यानं ताटलीतलं काहीतरी शोधायला लागल्या. फार वेळ शोधत राहिल्या.

डेलअंकलनी माइक घेतला. थँक यू, कुमुद, म्हणाले, तू अजून काही खाल्लेलं दिसत नाही. आणि तुमच्या हातात बटाट्याच्या सॅलडची प्लेट दिली. लोक हसले. हायसं वाटल्यासारखे हसले. तुम्ही ती प्लेट घेऊन खुर्चीत बसलात, आणि मला तुमचा राग आला. खरंच आला. वाटलं, फेका ती प्लेट.

परतीच्या वाटेवर आपलं भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

मी म्हटलं, त्या बाईनं शब्द दिला होता. तुम्ही म्हणालात, “दिला होता. तिला तिथंच राहायचंय, वैशाली. दवाखान्यात डेलची सून नेते तिला. चर्चमागं नवऱ्याशेजारी तिची जागा राखलेली आहे.” मी म्हटलं, म्हणजे तुम्ही माफ केलंत. तर म्हणालात, “माफ नाही केलं. तिची अडचण ओळखली. दोन्ही एक नाही.” मी विचारलं, पण त्यानं सॅलीला काय फरक पडतो? तुम्ही पुढच्या एक्झिटला गाडी घ्यायला सांगितलीत, बाथरूमला जायचंय म्हणून.

नंतर तुम्ही जून आँटींना दर आठवड्याला फोन करायला लागलात. मला ते सहन व्हायचं नाही. मी आले की तुम्ही रिसीव्हर हातानं झाकायचात, शाळकरी मुलीसारख्या. मी विचारायचे, झालं का त्यांच्या गुडघ्यांचं पुराण? तुम्ही म्हणायचात, तिला आता थंडी बाधते. मी म्हणायचे, बाधू दे. तुम्ही माझ्याकडे असं बघायचात की वर्गाबाहेर काढाल. पण कधी काढलं नाहीत. चहा करायचात, त्यात नेहमी आलं जास्त घालायचात, आणि मी बडबडून दमेपर्यंत ऐकायचात. या परक्या गावात मला एवढं रागावू देणारं माणूस दुसरं कुणी नव्हतं. नवरा म्हणायचा, जाऊ दे ना यार. आईला फोनवर काळजी वाटायची. तुम्ही मात्र माझा राग पाहुण्यासारखा बसवून घ्यायचात. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानावेत असं तेव्हा सुचलंही नाही.

शेवटचं भांडण फेब्रुवारीत. तुम्ही कुंडीतली मेथी निवडत होता. मी विचारलं, तुम्हाला एकदाही चीड येत नाही? तुम्ही म्हणालात, “येते की. पण चिडायला आपली माणसं लागतात. म्हणून तर आधी सोयरीक जुळवली.” मग निवडलेली अर्धी जुडी पिशवीत घालून मला दिलीत. महिना उलटायच्या आत सकाळी बाथरूममध्ये पडलात, आणि हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी तुमचा हात धरून काहीतरी बोलत बसले. हवामान, ट्रॅफिक. जे बोलायचं होतं ते नाही.

तर रविवार. डेलअंकलनी ती ओळ वाचली, मी डेकवर गेले, आणि आतून लोरीचा आवाज आला. ती मोठ्यानं बोलणारी मुलगी नाही. त्यामुळे मी दारात परत आले.

ती तुमच्या फोटोशेजारी उभी राहिली होती. म्हणाली, “डेलअंकल, आई मानवंदना द्यायला आल्या नव्हत्या. त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही त्यांच्या हातात बटाट्याचं सॅलड दिलंत. आणि मी तिथं बसून ते बघितलं.”

तुम्हाला ती ‘आई’ म्हणते तेव्हा तिचा ‘ई’ लांबतो. त्या दिवशी फारच लांबला.

डेलअंकल म्हणाले, हनी, ही जागा नाही हे बोलायची. लोरी म्हणाली, पिकनिक ही जागा नव्हती, आता हीही नाही, मग जागा कोणती ते तुम्हीच सांगा. आपली मंडळी चादरींच्या चुण्या नीट करायला लागली. आणि मग नितीन उठला, मावशी. तुमचा लॅपटॉपवाला नितीन. तो जाऊन बायकोच्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, ती बरोबर बोलतेय. त्याला तुमच्यासमोर हे जमलं असतं तर! पण जमलं, एवढं तुम्हाला कळवते.

डेलअंकल न जेवता गेले. मंगळवारी त्यांचा लोरीला फोन आला, की ओळ काढतो, फोटोखाली नुसतं नाव ठेवतो. लोरी म्हणाली, त्या दिवशी आई जे बोलल्या ते फोटोसोबत छापा, नाहीतर फोटोही नको. ते म्हणाले, मग फोटो नको. म्हणजे पुस्तकात आता तुम्ही नाही. दगड आहे तिथंच आहे, ‘निर्जन’ या शब्दासकट. लोरीनं ठरवलंय, येत्या मेळ्याला ती बोलणार, आणि माइक दिला नाही तर माइकशिवाय बोलणार. मला वाटतं, ती बोलेल.

जून आँटी रविवारी आल्या नाहीत. काल मला त्यांचा फोन आला. तुमच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं, दुखलं का, शुद्ध होती का. मग रडल्या. म्हणाल्या, “कुमुद माझ्यावर कधी रागावली नाही.” त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला कळलं. सोपं होतं ते. मरणाच्या घरात माणसं ते बोलतातच.

मी म्हटलं, “मी रागावले आहे.”

मग म्हणाल्या, माहीत आहे मला. मीराला घेऊन ये, मी तिला स्वतः सांगते सगळं. मी म्हटलं, आणीन. पण स्वयंपाकघरात नाही, पोर्चवर शेंगा मोडत नाही. डेलअंकलना बोलवा, त्यांना समोर बसवा आणि मग सांगा. त्या म्हणाल्या, मी म्हातारी आहे ग. म्हटलं, ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, मला विचार करू दे.

मी थांबले आहे. तुम्ही असता तर रिसीव्हर माझ्या हातातून घेतला असतात आणि नंतर मला म्हणाला असतात, म्हातारीला इतकं ताणू नये.

मी ताणणार आहे, मावशी.